वीस फासे

अठराव्या शतकातली दोन काल्पनिक राज्यं निशिगंधा आणि तिचा थोरला भाऊ यशराज यांनी फाशांवर लढाया खेळण्यासाठी शाळेत असतानाच रचली होती. आता यशराज कळंब्याच्या तुरुंगात होता आणि पुठ्ठ्याचा किल्ला शाहूपुरीतल्या घरी, टेबलावर. किल्ल्यातली शिबंदी त्याची, वेढा घालणारी फौज तिची. भेटीला गेली की तो हुकूम सांगायचा. घरी येऊन ती फासे टाकायची आणि जे पडेल ते पुढच्या भेटीत त्याला सांगायची.

तटाला खिंडार आधीच पडलं होतं. रविवारी तिनं शेवटच्या हल्ल्याचे वीस फासे टाकले. एकावर जरी पाच किंवा सहा आला, तरी फौज आत घुसणार होती. सात फाशांवर आला. किल्ला गेला.

"काय झालं गं किल्ल्याचं?" काचेपलीकडून यशराजनं फोनवर विचारलं.

त्याचे खोल गेलेले डोळे बघून ती म्हणाली, "टिकलाय की, दादा! माझा एक बी फासा लागला न्हाय."

"वीसच्या वीस फुकट?"

"व्हय. माझं नशीबच फुटकं."

तो हसला नाही. डोळे मिटून त्यानं मनात आकडेमोड केली.

"निशे, तीन हजार वेळा हल्ला केलास, तर कुठं एकदा असं हुतंय."

"मग झालं की ते एकदा."

"आणि मागच्या खेपेला अपिलाची तारीख पुढं गेली म्हणालीस," तो हळूच म्हणाला, "ती बी अशीच गेली काय?"