नऊ पॉइंट एक

चौथीची बत्तीस पोरं पांढऱ्या रेषेमागे एक पाय पुढे टाकून उभी होती. खेळाच्या बाईंनी सकाळी लवकर येऊन मैदानावर स्वतः फक्की मारली होती. पन्नास मीटर, टेपने दोनदा मोजून. आज चाचणी होती.

"गुडघा वाकवा. मान वर. शेजारच्याकडे बघितलंत की मेलात!"

तेहेतिसावी पोर पलीकडच्या रेषेपाशी फळीवर बसली होती. डाव्या पायाला मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या. वेळ मोजायचं काम बाईंनी तिला दिलं होतं, आणि त्या कामात ती सख्ख्या मैत्रिणीलाही एका सेकंदाची सूट द्यायची नाही. पोरांनी तिचं नावच 'घड्याळ' पाडलं होतं.

बाई शिट्टी तोंडाला लावणार, तोच शिपाई चाचणीच्या निकालाच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन आला.

"मोठ्या सरांनी सांगितलंय, आत्ताच वाटा. पालकांच्या सह्या होऊन उद्या परत हवीत."

बाईंनी वाटली. पोरं आपापलं कार्ड वाचायला लागली आणि मैदानभर गलका उठला. 'पन्नास मीटर धावणे' या ओळीपुढे आकडे भरलेले होते. आठ पॉइंट नऊ, नऊ पॉइंट एक, नऊ पॉइंट चार. पुन्हा आठ नऊ, नऊ एक, नऊ चार. तेच तीन आकडे हजेरीच्या क्रमाने गोल फिरवले होते.

"बाई, आपण तर अजून पळालोच नाही!" कुणीतरी ओरडलं, आणि सगळी खो खो हसली.

घड्याळ पाय ओढत बाईंपाशी आली. कार्ड पुढे धरलं.

"बाई, हे कुणाचंतरी चुकून माझ्याकडे आलंय."

नाव तिचंच होतं. नऊ पॉइंट एक. शेरा: उत्तम. खाली बाईंची सही.

"नऊ पॉइंट एकमध्ये," घड्याळ म्हणाली, "माझं फळीवरून उठूनसुद्धा होत नाही."

बाईंच्या तोंडाची चव गेली. मागच्या आठवड्यात मोठे सर म्हणाले होते, "कोऱ्यावर सह्या करून ठेवा, आकडे नंतर बघू." आणि त्यांनी केल्या होत्या. तेहेतीस सह्या, गप्पा मारत मारत.

बाई तडक ऑफिसात गेल्या. मोठे सर टेबलाशी चहात बिस्कीट बुडवत होते.

"सर, आज चाचणी आहे. हे आकडे कुठून आले?"

"वरून तारीख आली होती बाई, कालची. पोरं पळोत, न पळोत, कागद वेळेत पळाला पाहिजे."

"आणि ही?" बाईंनी घड्याळचं कार्ड त्यांच्यापुढे टाकलं. "हिला चालता येत नाही धड."

सरांनी चष्मा वर करून नाव वाचलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

"म्हणूनच तर! रकाना रिकामा सोडला असता तर पोरीला किती लागलं असतं? मी मुद्दाम उत्तम लिहिलं. माणसाला काळीज नको का?"

बिस्किटाचा भिजलेला तुकडा कपात पडला. सरांनी तर्जनी आणि अंगठा चहात घातला, तो लगदा बाहेर काढून चाखत खाल्ला, आणि तीच बोटं कार्डाला पुसत ते परत केलं.

"आणि बाई, सही तर तुमचीच आहे. उगाच कशाला उकरता?"

ते कार्ड बाईंनी एका कोपऱ्याला चिमटीत धरलं, मेलेलं झुरळ मिशीला धरून उचलावं तसं. त्यावरच्या दोन गोष्टींपैकी अधिक किळस कशाची आली, त्या चहाच्या डागाची की खालच्या सहीची, हे त्यांना सांगता आलं नसतं.

त्या मैदानावर परतल्या.

"कार्डं परत करा. सगळी. आपण आधी पळायचं, मग लिहायचं."

पोरांनी फारशी कुरकुर न करता दिली. बाईंनी मोजली. घड्याळचं धरून बत्तीस. एक कमी.

"कुणाचं राहिलं?"

मग सगळ्यांच्या माना हळूहळू एकीकडे वळल्या. रेषेच्या अगदी टोकाला एक गुबगुबीत मुलगी उभी होती. बालवाडीपासून ती प्रत्येक शर्यतीत शेवटची यायची, आणि पोरं तिला तोंडावर गोगलगाय म्हणायची.

"तुझं कुठंय गं?"

"हरवलं बाई."

"आत्ताच? इथल्या इथं?"

तिने मान हलवली. तिच्या उजव्या मोज्यातून कार्डाची घडी वर आली होती. 'उत्तम'मधला 'उ' बाईंना स्पष्ट दिसत होता.

"घरी दाखवणार होते," मुलगी पुटपुटली. मग घाईने म्हणाली, "पण हरवलं."

बाईंनी हात पुढे केला. तिच्या मोज्याकडे, मग तिच्या तोंडाकडे बघितलं. शिवी द्यावीशी वाटत होती. कुणाला, तेही ठाऊक होतं. ते माणूस तिथे मैदानावरच उभं होतं, गळ्यात शिट्टी अडकवून. त्यांनी हात मागे घेतला.

"रेषेवर ये," त्या म्हणाल्या.

शिट्टी वाजली. बत्तीस पोरं सुटली. पलीकडून घड्याळ एकेकाचे आकडे ओरडायला लागली. खरे, वाकडे, कुणाचेही कुणाशी न जुळणारे. सगळे पोहोचले तरी एक अजून अर्ध्यावरच होती. दर चार पावलांनी ती वाकत होती, मोज्यातलं कार्ड आत ढकलत होती, आणि पुन्हा पळत होती.