लक्षणीय नसलेली भीती

मृत्यूच्या आदल्या सकाळी प्राध्यापक केळुसकर उपम्यावर लिंबू पिळत होते. फोनवर एक विद्यार्थिनी रडत होती. मनगटावरच्या पट्ट्याने तिची धास्ती मोजली होती, पण वर्गाच्या सरासरीशी ताडून चाचणीने तिला परीक्षेची सवलत नाकारली होती. राज्यभर लागू असलेली ती चाचणी केळुसकरांनीच बनवलेली.

“पोरी, तुझा फरक लक्षणीय नाही. सगळा वर्गच घाबरलाय.”

“म्हणून माझी भीती कमी होते का, सर?”

“दोन तास जास्त अभ्यास कर, होईल.” फोन ठेवून ते मुलीकडे वळले. “रडून आकडा वाढवायला बघतात, मृदुला.”

मृदुलाने ताटल्या उचलल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांचं हृदय थांबलं. स्मशानातून सगळे परतल्यावर मृदुलाच्या पट्ट्यावर तिच्या कॉलेजचा निरोप उमटला: ‘वडील गमावलेल्यांच्या सरासरीहून आपलं दुःख वेगळं नाही. जादा रजा नामंजूर.’

वडिलांना ठेवलं होतं त्या जागी दिवा लावला होता. ती त्याच्यासमोर बसली.

“बाबा, दहावीत माझ्या पट्ट्याचा सपाट आलेख बघून तुम्ही ‘शाबास’ म्हणालात. तेव्हा मला जगावंसं वाटत नव्हतं. एकदा तोंडाने विचारायचं होतंत.”