काचेखालचा समुद्र

"हे काय आणलंस, खिडकी?"

जोर्लांगनं मांडीवरच्या लाकडी चौकटीवरून आणि मग काचेवरून बोटं फिरवली. शुगरनं त्याचे डोळे नेले त्याला दोन वर्षं झाली होती. आता डाव्या पायाची पाळी. आज संध्याकाळच्या विमानानं तो होनोलुलूला निघायचा होता, पाय कापून घ्यायला. या वयात तिथल्या इस्पितळातून माजुरो बेटावर परत आलेलं माणूस त्याला तरी आठवत नव्हतं.

"चित्र आहे, बाबा. जुनं, छापील," नेइमोन धपकन खाली बसत म्हणाली. "समुद्राचा नकाशा. आपला, काड्या बांधून करतात तो. हॉटेलात खाली लावलेला असायचा. रंगकाम काढलंय म्हणून सगळं उतरवत होते. मॅनेजर म्हणाला, सुट्टीवर गेलेलीची पाळी कर आणि घेऊन जा. केली."

म्हणजे पोरगी सलग सोळा तास हॉटेलच्या लॉन्ड्रीत चादरी धूत होती. तिच्या हातांना ब्लीचचा वास येत होता.

"आणि हे कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना, इरोजांनी होकार दिला म्हणून."

दिला होता खरा. समुद्राची विद्या इरोजच्या मालकीची, म्हणजे बेटाच्या प्रमुखाच्या. तो हो म्हणेपर्यंत ती पोटच्या पोरीलाही द्यायची नाही. जोर्लांगनं एकतीस वर्षं विचारलं. थोरले इरोज नाही नाही म्हणत गेले आणि एक दिवस वारले. धाकट्यानं मागच्या रविवारी चर्चबाहेर, गाडीत बसता बसता, "द्या की काका, त्यात काय," म्हणून टाकलं. एवढं सोपं होतं. त्या दिवशी जोर्लांग जेवला नाही.

"आउर बेटाची वाट यात दाखवा," नेइमोन म्हणाली. "मी काडीकाडीवर बोट ठेवते, तुम्ही सांगत जा. अजून दोन तास आहेत."

"बेटांच्या कवड्या किती आहेत?"

"अकरा."

"बांधला कुणी?"

"ते नाही लिहिलेलं. चित्र कुणी काढलं त्याचं नाव आहे खाली. कुणी परदेशी आहे."

"मग झालं. ज्यानं बांधला तोच वाचू शकतो, पोरी. माझा मला, त्याचा त्याला. आणि होडीत तर कुणी नेतसुद्धा नाही. किनाऱ्यावर बसून बोटांनी चाचपून पाठ करायचा असतो." त्यानं तळहात पुन्हा काचेवरून फिरवला. "इतकं सपाट पाणी मी जन्मात पाहिलं नाही."

नेइमोननं नाक ओढल्याचा आवाज आला. "मला काय ठाऊक," ती म्हणाली. "मला कुणी शिकवलंय?"

जोर्लांग वरमला. दोन पाळ्या करून पोरीनं वस्तू आणली आणि आपण तिची थट्टा करतोय. त्यानं चौकट चाचपत भिंतीला टेकवून ठेवली.

"चटईवर आडवी हो."

"आत्ता? चारला टॅक्सी येईल. तुमची पिशवी भरायचीय अजून."

"राहू दे पिशवी. उताणी हो. डोकं उत्तरेला, आउरकडं."

त्याच्या आजोबांनी त्याला पाण्यावर तरंगत ठेवून शिकवलं होतं, दिवसचे दिवस. आता पाण्यापर्यंत जायला ना पाय होता ना वेळ. तो सरकत तिच्याजवळ गेला. एक हात तिच्या खांद्याखाली घातला, एक कमरेखाली.

"ही उगवतीची लाट. मोठी, सावकाश. कधी थांबत नाही ही." त्यानं खांद्याखालच्या हातानं तिला हळूच उचललं आणि सोडलं, मग कमरेखालचा हात किंचित हलवला. "ही मावळतीची. बारकी असते, कुणाचं लक्ष जात नाही. उगवतीच्या पाठोपाठ येते. दोन्ही भेटतात तिथं होडीचं बूड असं मधल्यामधे डचमळतं. ती आपली वाट. माझे आजोबा होडीत खुशाल घोरायचे. लाट बिघडली की जागे व्हायचे. कळतंय?"

"हं."

"पुन्हा."

मोठी, बारकी. मोठी, बारकी. तिचं अंग आधी लाकडासारखं ताठ होतं, मग सैल होत गेलं. त्याचे हात भरून आले.

"आता कुठली होती?"

त्यानं कान दिला.

"नेइमोन?"

श्वास लांब आणि जड झाला होता. झोपली. जोर्लांगच्या डोक्यात सणक गेली. एकतीस वर्षं दारात उभं राहून मिळवलेली गोष्ट, आणि पोरगी झोपली. मग त्याला चादरी आठवल्या, आणि रागही टिकला नाही. झोपू दे. नाहीतरी सगळं संपल्यातच जमा होतं. तरी त्याचे हात चालत राहिले, कारण विमानापर्यंत दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बाहेर टॅक्सीचा हॉर्न वाजला. तो दचकला, उठायला म्हणून वळला, आणि खांद्याखालचा हात निसटला. नुसता मावळतीचा धक्का बसला.

"चुकलात, बाबा," नेइमोन म्हणाली. आवाज झोपेतलाच होता. "उगवतीची राहिली."

टॅक्सीवाल्यानं पुन्हा हॉर्न दिला. जोर्लांगनं तिच्या खांद्याखाली हात नीट सरकवला आणि राहिलेली लाट दिली.