नापास पट्टा

"कात्री कशाला मॅडम? इथे शिवणक्लास काढताय का?" दरीवरच्या तारेवरून लोकांना पलीकडे सोडणाऱ्या मालकाने दात काढले. "नापास झालेला पट्टा मी जागेवरच कापते. पुन्हा कुणाच्या कमरेला लागायला नको," परवान्यासाठी तपासणीला आलेली मी म्हणाले. त्याने मला ओळखलं नव्हतं. माझा नवरा याच तारेवरून दरीत पडला, तेव्हा चौकशीत हा साळसूदपणे म्हणाला होता, "त्यांनीच पट्टा नीट आवळला नव्हता." बुटाची नाडीसुद्धा दोनदा ओढून बघणारा माणूस तो! या खात्यात मी चिकटले ती आजच्या दिवसासाठी. मचाणावर चढून मी खुंटीवरचा सगळ्यात कळकट पट्टा उचलला. "हा बांधा आणि आधी तुम्हीच जाऊन दाखवा." तो कोऱ्या पट्ट्याकडे वळला. "तो नाही. गिऱ्हाइकांना देता तो." रांगेतल्या लोकांदेखत त्याला मागे सरता येईना. मी स्वतः पट्टा आवळला, तारेला हूक अडकवला. "आता मागे रेला." त्याच्या टाचा फळीच्या टोकावर, सगळा भार पट्ट्यावर. कमरेपाशी शिवण करकरली आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "ओढा मला मॅडम! हे पट्टे बाद आहेत! त्या अपघाताच्या आधीपासूनच शिवण उसवलीय, मला ठाऊक आहे!" मी कात्री काढली. "म्हणजे नापास," मी म्हणाले. "आता हलू नका. जागेवरच कापते."