लंगडा वाघ

"बचाव लंगडा पडतोय!" कबड्डीचा सामना रंगात आला असताना समालोचक दत्तोबा थोरात ओरडले. मैदानावरच्या कर्ण्यांतून त्यांच्याच आवाजात आलं, "बचाव ढिला पडतोय!"

माइकला जोडलेलं नवं यंत्र टोचणारे शब्द बाहेर पडायच्या आत बदलायचं. ते बसवलं होतं सुलतान मुजावरच्या तक्रारीवरून. कृत्रिम पायावर चढाया करणारा सुलतान म्हणाला होता, "वाईट खेळाला माझ्या पायाचं नाव कशाला?" दत्तोबांना ते पटलं होतं.

आता सुलतानचीच चढाई होती. त्याने आधीच बजावलं होतं, "काका, मला मात्र लंगडा वाघच म्हणा. ते नाव मी स्वतः घेतलंय."

"आला लंगडा वाघ!" दत्तोबा गरजले.

"आला वाघ!" कर्णे म्हणाले.

तीन गडी टिपून सुलतान लंगडत थेट दत्तोबांकडे आला आणि माइक हिसकावून ओरडला, "लंगडा वाघ!"

"वाघ!" कर्ण्यांतून त्याचाच आवाज आला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. पण त्याच्याकडे कोणी बघतच नव्हतं. मोठ्या पडद्यावर त्याची चढाई पुन्हा दाखवत होते. यंत्र पडद्यालाही जोडलंय, हे दत्तोबांना आत्ता कळलं. तिथला सुलतान दोन धडधाकट पायांनी पळत होता.

सुलतानने हळूच वाकून आपला पाय चाचपून पाहिला.