उतरलेलं पाणी

डोंगरात पाऊस कोसळत होता, तरी ओढ्याचं पाणी उतरत होतं. काठावरून प्रवाह मोजणाऱ्या मृदुलाच्या ते लक्षात आलं. वर कुठेतरी दरड पडून पाणी अडलं असणार आणि ते कधीही सुटेल.

तिचे सहकारी उद्धवदादा पात्रात रोवलेल्या वेगमापक यंत्रापाशी उभे होते. "गुडघाभरच राहिलंय गं! मधोमध जाऊन वेग मोजतो!"

"नको दादा! वर या, आत्ता!"

"अगं, यंत्र सोडवतो..."

"मरू दे यंत्र!"

तिचा चिरका आवाज ऐकून ते वळून काठाशी आले. तिनं मनगट धरून त्यांना वर ओढलं. दोघं चढावर पोहोचतात तोच गडगडाट झाला. लाल पाणी झाडं घेऊन आलं आणि मघाचा काठच तोडून गेलं.

दादा खाली बसले. "घरी सांगू नकोस हं."

मृदुलाला हसायचं होतं, पण रडू फुटलं.