तापमानाचे प्रायोजक

"बेचाळीस नको, सदतीस सांग," आमच्या रेडिओ स्टेशनचे मॅनेजर ऑर्तेगा म्हणाले. "ड्रमवेल फार्मच्या मालकांचा फोन होता. मोठा आकडा ऐकला की मजूर काम टाकून सावलीत बसतात म्हणे."

आमचं स्पॅनिश भाषेतलं स्टेशन एवढंसं, पण टोमॅटोच्या शेतांत दिवसभर तेच वाजतं. ऊन किती ते मजुरांच्या पाठीला कळतंच, मुकादमाशी भांडायला मात्र आकडा लागतो.

गेल्या गुरुवारी त्यांचं ऐकून मी मुकाट्याने सदतीस सांगितलं. त्या दुपारी एविलियो नावाचा मजूर टोमॅटोच्या सरीतच कोसळला. शनिवारी त्याच्या अंत्यविधीची सूचनाही मीच वाचली, आणि ती संपताच ऑर्तेगांनी मला नाचाचं गाणं लावायला लावलं.

आज मी स्टुडिओचं दार आतून लावून घेतलं.

"दुपारचे दोन वाजलेत. तापमान बेचाळीस. गुरुवारीही बेचाळीसच होतं, मी खोटं बोलले. मुकादमाला सांगा, रेडिओवर बेचाळीस म्हणालेत."

ऑर्तेगा बाहेरून दार बडवत होते. तरी बातमीपत्राचं रोजचं शेवटचं वाक्य मी गाळलं नाही.

"ही तापमानाची माहिती आपल्यापर्यंत पोचवली आहे, ड्रमवेल फार्मनं."